मालकाचं नाव

महाराष्ट्रात कुत्र्याची सोय देवांनीच लावून ठेवली आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याबरोबर एक, भैरवाचं तर वाहनच कुत्रा. नामदेवांची पोळी पळवली ती कुत्र्यानं, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले तेही त्याच्याच मागे. युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात अडून बसला तोही कुत्र्यासाठी. रायगडावर वाघ्याची समाधी आहे. ती खरी की कल्पित यावरून आपण अधूनमधून भांडतो, पण भांडण्याइतकी ती महत्त्वाची आहे.

मांजराच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. षष्ठीदेवीचं वाहन मांजर असतं म्हणतात. पण आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात तेव्हा मांजराची आठवण कोणी काढत नाही, उलट बाळंतिणीच्या खोलीतून त्याला हुसकून लावतात. मांजराचं नाव निघतं ते पापाच्या हिशेबात. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, ही धमकी माझ्या पिढीपर्यंत बहुतेकांनी ऐकलेली असते. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, किती तोळ्यांचं? तिनं पाठीत धपाटा घातला. म्हणजे मांजराची किंमत परंपरेनं ठरवली होती, पण ती मेल्यानंतरची, आणि भरायची मारणाऱ्यानं. ते मेल्यावर कोणाला नुसतं वाईट वाटेल, ही शक्यता हिशेबात धरलेली नव्हती.

मी राहते त्या पुण्याच्या हडपसरचं नाव काढलं की लोकांना हल्ली मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती आठवतात, नाहीतर अमनोराचे टॉवर. मला आठवतं ते कालव्याचं हडपसर. कालव्याचं पाणी, काळी जमीन, उसाचे फड, मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि गाडीतळावर उतरणाऱ्या भाजीच्या पाट्या. मगर आणि त्यांच्या शेजारच्या शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली आणि २००० च्या सुमारास स्वतःच नगर उभारायला घेतलं, याचं कौतुक बाहेरगावचे लोकही करतात, आणि ते रास्त आहे. त्या जमिनीवर पूर्वी घरं होती, घरांत धान्य, धान्यापाशी उंदीर आणि उंदरांपाशी मांजरं. जमिनीचे हिस्से ठरताना मांजरांचा प्रश्न निघणार नव्हताच. कणगी गेल्या, वाडे गेले, मांजरं गेली नाहीत. ती पार्किंगमध्ये आली.

माणसाजवळ मांजर आलं तेच मुळी धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, साठवलेल्या धान्यावर उंदीर जमले आणि उंदरांच्या वासावर तिथलं रानमांजर वस्तीत शिरलं. त्याला कोणी पकडून आणलं नाही, दावणीला बांधलं नाही. ते आपल्या कामानं आलं आणि राहिलं. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस नावाच्या जागी उत्खनन करताना साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. २००४ साली तो शोध प्रसिद्ध झाला. माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर, आठेक महिन्यांच्या मांजराचा अख्खा सांगाडा. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कोणीतरी त्यांना होडीतून नेलेलं. ते मांजर मालकाबरोबर पुरण्यासाठी मारलेलंही असेल, अभ्यासक ती शक्यता नाकारत नाहीत. तरी माणूस आणि मांजर यांच्या सोबतीचा इतका जुना पुरावा एका कबरीत सापडावा, याचं मला फारसं नवल वाटत नाही. आमच्या इमारतीत गेली काही वर्षं जे चाललंय ते पाहिल्यापासून तर नाहीच.

आमच्या इमारतीत मांजरांचं खातं तळमजल्यावरच्या काकूंकडे आहे. काकू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकत नाही, आषाढी वारीच्या पालख्या हडपसरला आल्या की पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभ्या. पालख्या इथे फुटतात. माउलींची सासवडच्या वाटेला लागते, तुकोबांची लोणीकडे, आणि काकू दोन्हींना हात जोडून मग घरी येतात. या काकूंच्या घराच्या मागच्या ओट्यावर एक वेगळी शेगडी आहे आणि एक वेगळं काळंकुट्ट पातेलं. त्यात रोज संध्याकाळी माशांची डोकी शिजतात.

सुरुवात पोळी-दुधानं झाली होती, सगळ्यांची होते तशी. ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ या म्हणीवर वाढलेल्या आपल्याला मांजराचं अन्न म्हणजे दूध असंच वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना गाईचं दूध पचत नाही, आणि पिल्लांना तर त्यानं हगवण लागते. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं की मांजराला टॉरिन नावाचा एक घटक लागतो, तो मांसामाशांतून मिळतो, आणि तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. भात-पोळीवर मांजर दिसायला जगतं. काकूंनी हे ऐकून घेतलं. दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडीतळाच्या बाजूला मासळी घेऊन बसणाऱ्या बाईसमोर पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “डोकी द्या. मला नकोत, मांजराला.” त्या बाईनं पैसे घेतले नाहीत, आणि अजूनही बहुधा घेत नाही.

“काकू, एकादशीलाही?” मी एकदा विचारलं.

“अगं, एकादशी मला. त्यांना कसली?”

भूतदयेवर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत, काही काकूंबरोबर बसूनही. पण समोरचा जीव आपल्यासारखा नाही, त्याचा धर्म आपल्या धर्मात बसत नाही, आणि तो आपल्या सोयीनं बदलणारही नाही, एवढं मान्य करून त्याच्यासाठी चूल पेटवणं मला त्या प्रवचनांपेक्षा अवघड वाटतं. कबुतरांना पोतंभर ज्वारी टाकून हात झटकणारे लोक मला म्हणूनच कधी पटले नाहीत. त्यात देणाऱ्याला बरं वाटतं, पुढे काय होतं हे पाहायला कोणी थांबत नाही.

पुढे काय होतं हे काकूंना पाहावंच लागतं, कारण मांजरं तिथेच राहतात. आणि तिथेच मरतात.

एका उन्हाळ्यात मीटर रूममध्ये ठिपकीनं चार पिल्लं घातली. मीटरच्या खोक्यांमागे वॉचमनमामांचं जुनं पोतं होतं, ती जागा तिनं निवडली. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ठिपकीला फिरायला सातच काय, दोन घरंही नव्हती. पिल्लं दीडेक महिन्यांची झाली, पार्किंगमध्ये धडपडू लागली, आणि एका सकाळी त्यातलं एक पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं दिसलं. पाणी पीत नव्हतं. तोंड पाण्यापासून बोटभर अंतरावर, आणि नुसतं बसलेलं. मांजरांची सेवा करणारी माणसं हे दृश्य लांबून ओळखतात. पॅनल्युकोपेनिया. बोलताना लोक त्याला मांजरांचा पार्वोच म्हणतात, कारण विषाणू त्याच कुळातला. पांढऱ्या पेशी कोसळतात, उलट्या-जुलाबांनी शरीर सुकतं. विषाणूवर थेट औषध नाही. सलाइन द्यायचं, उलटी थांबवायची, प्रतिजैविकं द्यायची, ऊब द्यायची आणि वाट पाहायची. पिल्लू जितकं लहान तितकी आशा कमी. या रोगावर लस आहे. ज्या हडपसरमध्ये १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली, जिथून साऱ्या जगात माणसांसाठी लशी जातात, तिथेच मीटर रूममध्ये चार पिल्लं लशीवाचून मेली, यात दोष कोणाचाच नाही. पण मला ते खटकत राहिलं. त्या संस्थेची गोष्टही जनावरांपासूनच सुरू होते. ती काढणाऱ्या पूनावालांचा घोड्यांचा स्टड फार्म होता, शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे रक्तद्रव काढण्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातून असा कारखाना आपणच काढावा ही कल्पना निघाली. माणसाच्या लशीमागे कोणत्यातरी मुक्या जनावराचं रक्त असतं. उलट दिशेची बाजू मात्र अजून बरीच बाकी आहे.

दवाखान्यात गेल्यावर केसपेपर करतात. प्राण्याचं नाव, वय, लिंग, रंग. मग ‘मालकाचं नाव’. पहिल्या पिल्लाच्या वेळी काकू त्या रकान्यापाशी थांबल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “रस्त्यावरचं आहे ना? मग तसं लिहू का?” काकूंनी तिच्या हातून पेन घेतलं आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नव्हे, नवऱ्याचं, आणि आडनाव असं संपूर्ण लिहिलं. थोड्या वेळानं आतून पुकारा झाला तो पिल्लाच्या नावाला काकूंचं आडनाव लावून. बाकावरचे लोक हसले. काकू हसल्या नाहीत, पिल्लू घेऊन आत गेल्या.

चारही गेली, आठवडाभराच्या आत. शेवटचं काकूंच्या मांडीवर गेलं आणि जाताना घुरघुरत होतं. मांजर सुखात असलं की घुरघुरतं असं आपण धरून चालतो. पण वेदनेत, भीतीत आणि अगदी शेवटच्या घटकेलाही ते घुरघुरतं. त्याचा अर्थ काय लावायचा हे काकूंनी मला विचारलं. डॉक्टरांनाही विचारलं असावं. मी काही बोलले नाही.

पुरायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण हडपसरमध्ये आता मोकळी माती नाही. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, रस्ता काँक्रीटचा, पदपथावर फरशी, आणि सोसायटीच्या बागेत हात घालायचा तर कमिटीची परवानगी. महापालिकेला फोन केला तर मेलेलं जनावर उचलून नेतात, पण काकूंना ते नको होतं. कमिटीच्या एका सदस्यानं सुचवलं की काळ्या पिशवीत घालून सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत द्या, सगळे तेच करतात. तो दुष्ट माणूस नाही. त्याच्या लेखी तो घनकचऱ्याचा प्रश्न होता. शेवटी वॉचमनमामांनी कालव्याच्या बाजूला एक कडेची जागा शोधली, पहार आणली, आणि काकूंनी जाडं मीठ आणि हळद घालून एकेक करून चौघांना तिथे ठेवलं. मीठ का घालतात हे मामांनी सांगितलं. कुत्री उकरत नाहीत. काकू म्हणाल्या, “हो, आणि आपल्यालाही काहीतरी करायला मिळतं.”

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भजनाला गेल्या नाहीत, तर मंडळाच्या बायकांनी विचारलं, बरं नाही का? काकूंनी सांगितलं, पित्त झालंय. मुलगा परगावी असतो, त्याच्या फोनवर त्यांनी आवाज नेहमीचा ठेवला. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, “सांगून काय सांगू? कोणाचं गेलं, असं विचारतील ना?”

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ साली अशा दुःखांवर पुस्तक संपादित केलं, ज्यांना समाज दुःख म्हणून मोजत नाही. नातं मान्य नाही म्हणून, गेलेला महत्त्वाचा नाही म्हणून, किंवा रडणाऱ्याला रडण्याचा अधिकार नाही म्हणून. भटक्या मांजराचं दुःख या तिन्ही कारणांनी बाद होतं. पाळीव कुत्रं गेलं तर आता लोक फोटो लावतात, हळहळ व्यक्त करतात, भेटायला येतात. भटक्या मांजराचं कोणी नव्हतंच, मग गेलं कोणाचं? पण माणूस नेहमीच इतका संकोची नव्हता. हिरोडोटसनं इजिप्तविषयी लिहून ठेवलंय की घरातलं मांजर मेलं की घरातली सगळी माणसं भुवया काढून टाकत. कल्पना करा, गाडीतळाच्या बसस्टॉपवर बिनभुवयांच्या काकू. निदान कोणी ‘पित्त झालंय का’ असं तरी विचारलं नसतं.

आपल्याकडेही एक नोंद आहे, आणि ती अगदी घराघरात गेलेली. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढलं. त्यातला श्यामच्या आईचा मृत्यू सगळ्यांना आठवतो. तिच्या मांजरीचा मृत्यू फार थोड्यांना. आई गेल्यावर तिच्या लाडक्या मांजरीनं खाणंपिणं सोडलं आणि आईनं जिथे देह ठेवला तिथेच तीही गेली, असं गुरुजींनी लिहिलंय. इतक्या रडवणाऱ्या पुस्तकात इतक्या शेवटी एका मांजरीसाठी जागा काढावी, हे मला गुरुजींच्या हळवेपणापेक्षा त्यांच्या न्यायबुद्धीचं लक्षण वाटतं. घरात शोक करणारे किती होते हे मोजताना त्यांनी तिलाही मोजलं. हडपसरला माळवाडीत साने गुरुजींच्या नावाचा दवाखाना आहे, डॉ. दादा गुजरांनी आणि त्यांच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळानं उभा केलेला. काकूंच्या गुडघ्यांची तपासणी तिथेच होते. एकदा तिथल्या रांगेत बसून आम्ही या मांजरीबद्दल बोललो. काकूंनी पुस्तक शाळेत असताना वाचलेलं होतं आणि मांजरीचं नावसुद्धा त्यांना पाठ होतं. मथी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मांजरांमुळे हडपसर देशभरच्या बातम्यांत आलं. मगरपट्टा भागातल्या एका सोसायटीत, नवव्या मजल्यावरच्या साडेतीन बीएचके फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याचं उघड झालं. वासानं आणि रात्रीच्या ओरडण्यानं शेजारी वैतागले होते, तक्रारी झाल्या, महापालिकेचं आणि पशुवैद्यकीय खात्याचं पथक पाहणीला गेलं, मांजरं हलवण्याची नोटीस बजावली गेली. २०२० मध्ये तिथे पन्नासच्या आसपास मांजरं होती, असं रहिवाशांनी सांगितल्याचं छापून आलं. मग चेष्टा सुरू झाली. मांजरांचा टू बीएचके, मांजरांचं मेंटेनन्स वगैरे. आमच्या कमिटीच्या बैठकीतही कोणीतरी काकूंकडे बघत तो विषय काढला.

मी त्या फ्लॅटमध्ये गेलेली नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्या माणसांविषयी निकाल देणार नाही. पण पन्नासाचे तीनशे कसे होतात, हे मला काकूंकडे पाहून थोडंफार समजतं. २०२० हे टाळेबंदीचं वर्ष. हॉटेलं बंद, मंडई आक्रसलेली, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाड्या गायब. उकिरड्यावर जगणाऱ्या प्राण्यांचा घास एका रात्रीत गेला. ज्यांनी कधी मांजराकडे पाहिलं नव्हतं त्यांनी त्या वर्षी खाऊ घालायला सुरुवात केली, आणि ज्यांच्या घरात आधीच चार होती त्यांच्या दारात आणखी येऊ लागली. एक प्रकारचा माणूस असतो, ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. प्रत्येक पिल्लू बाहेर ठेवलं तर मरेल, हे त्याला ठाऊक असतं, आणि ते खोटंही नसतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मोकाट मांजरांच्या पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. शंभरातली पंचाहत्तर पिल्लं सहा महिन्यांची होण्याआधी मेली किंवा नाहीशी झाली. हा आकडा ज्याला सोसत नाही तो दार उघडतो. मग पुन्हा उघडतो. दुःख टाळायचं म्हणून आत घेतलेली मांजरं आत वाढतात, रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येकाच्या वाट्याला येणारं माणूस कमी कमी होत जातं. मांजर एकटं शिकार करणारं जनावर आहे. त्याला अंतर लागतं. तीनशेंच्या गर्दीत त्याला दया मिळते, मांजरपण मिळत नाही.

म्हणूनच मला वाटतं, रस्त्यावरच्या जनावरावर माया करायची तर त्याच्या मरणाचीही तयारी ठेवावी लागते. ज्याला एकही मरण परवडत नाही त्याची माया शेवटी मांजराच्याच अंगावर येते. काकूंना चार मरणं परवडली नाहीत, पण त्यांनी ती सोसली, आणि पाचवं पिल्लू घरात आणलं नाही. ते त्यांना किती जड गेलं, मी पाहिलंय. दारासमोरून हलत नव्हतं ते.

दुसऱ्या टोकाला पोतं आहे. घरातली मांजरी व्याली की पिल्लं पिशवीत घालायची, स्कूटरच्या पायाशी ठेवायची आणि मासळी बाजारापाशी किंवा नदीपलीकडे सोडून यायची. चांगल्या घरांतून हे सर्रास चालतं, आणि करणारा म्हणतो, तिथे खायला भरपूर आहे. डोळे नुकते उघडलेल्या पिल्लाला खाता येत नाही, हे त्याला समजतं, पण स्कूटर वळलेली असते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. २०२२ साली पुणे महापालिकेनं पाळीव मांजरांसाठी परवाना आणला, त्याचं वर्षाचं शुल्क तेव्हा पन्नास रुपये होतं. म्हणजे मांजर पाळा किंवा टाका, खर्च जवळपास सारखाच. काशीच्या सोन्याच्या मांजरापासून आपण इथवर उतरलो.

या दोन टोकांच्या मध्ये जी वाट आहे ती दिसायला अजिबात सुंदर नाही. पिंजरा लावायचा, मांजर पकडायचं, नसबंदी करून घ्यायची, डाव्या कानाचं टोक भुलीतच जरासं कापायचं म्हणजे तीच मांजरी पुन्हा पकडली जात नाही, आणि जिथून आणली तिथेच सोडायची. मांजरीचे दिवस साधारण दोन महिन्यांत भरतात, पाच-सहा महिन्यांची झाली की ती माजावर येऊ शकते, वर्षातून दोन-तीन वेतं सहज होतात. हिशेब करायला बसलं की डोकं गरगरतं, आणि त्यातल्या बहुतेक जिवांचा शेवट वाटीवर मान टाकून व्हायचा असतो. तरी काकूंनी या गोष्टीला बराच काळ विरोध केला. “मी चार लेकरं गेलेली बघितली म्हणून तिचं आईपणच काढून घ्यायचं? तिला विचारलंय का?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकले नाही. मांजरीला विचारता येत नाही, आणि तिनं काय सांगितलं असतं हेही आपण तिच्या वतीनं ठरवतो. ठिपकी पिल्लं गेल्यावर तीन रात्री मीटर रूमच्या दारात ओरडत होती. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ती पुन्हा गाभण होती. काकू एवढंच म्हणाल्या, “घेऊन जा तिला. पण ह्या खेपेला पिल्लं झाल्यावर.” त्या वेतातली दोन जगली. दोघांना घरं मिळाली, त्यातलं एक फुरसुंगीला किराणा दुकानात आहे, धान्याच्या पोत्यांवर झोपतं. म्हणजे ते आपल्या मूळ नोकरीवर परत गेलं.

ठिपकीचा कान कापलेला पाहून काकू दिवसभर तिच्याकडे बघेनात. मग संध्याकाळी नेहमीपेक्षा मोठं डोकं तिच्या ताटलीत पडलं.

आता इमारतीच्या आवारात एकच मांजरी राहिली आहे जिची नसबंदी झालेली नाही. काळा, पांढरा आणि केशरी, तिन्ही रंग अंगावर आहेत. असे तीन रंग दिसले की ती जवळजवळ नेहमी मादीच असते, हे काकूंना अनुभवानं माहीत होतं. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही. ही बया पिंजरा ओळखते. आतलं आमिष लांबून हुंगते, मागचा पाय दाराच्या पट्टीवर न ठेवता मान लांबवून ओढून घेते आणि भिंतीवर चढून आमच्याकडे बघत खाते. गेल्या रविवारी आम्ही दोघी पार्किंगमध्ये एका जुन्या मारुतीमागे दबा धरून बसलो होतो आणि कमिटीचे सेक्रेटरी फिरायला निघाले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि बूट वाजू नयेत म्हणून चपलांसारखे पाय घासत बाजूनं गेले. इतक्या वर्षांत त्यांनी मांजरांसाठी केलेली ती पहिली मदत.

“बोंबील नको तिला,” काकू कुजबुजल्या, “सुकट आणून बघ. आणि हे बघ, केसपेपरवर ह्या वेळी तुझं नाव घाल. माझ्या नावावर आता फार झाली.”

मी बरं म्हटलं. ऑपरेशननंतरचे चार-पाच दिवस ती कोणाच्या बाथरूममध्ये राहणार, ते अजून ठरायचं आहे. आमच्या घरी सध्या पाहुणे आहेत, आणि काकूंच्या बाथरूमच्या दाराची कडी लागत नाही.